पळसाला पानं किती?

दोस्तांनो, हा प्रश्न घरात कुणालाही विचारून बघा. आजी, बाबा, शेजारचे काका, सगळे एका सुरात सांगतील, "तीन!" कुठंही जा, पळसाला पानं तीनच, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण ती पानं रानात जाऊन मोजली कुणी? तुम्हांला मोजायची असतील, तर एक करा. फाल्गुनात जाऊ नका. कारण फाल्गुनात बहुतेक पळसांवर पानं असतात... शून्य!

पान एकही नाही, आणि झाड मात्र केशरी फुलांनी असं पेटलेलं की लांबून कुणाला वाटावं, डोंगराला आग लागली! हा चमत्कार बघायला आणि त्याच्यामागचं कारण शोधायला आज आपण रानात जायचंय. आमची ही सहल झाली दोन वर्षांपूर्वी, होळीच्या पुढच्या आठवड्यात. आमच्या कॉलनीतली अकरा मुलं आणि आम्ही चार मोठी माणसं. ठिकाण, भीमाशंकरचं जंगल. रस्ता मात्र एस.टी.चा नाही. कर्जतच्या बाजूनं खांडस गावापर्यंत जायचं आणि तिथून गणेश घाटानं पायी वर चढायचं. शिडी घाटाची वाट जवळची, पण अवघड. मुलांना घेऊन जायला गणेश घाट बरा.

"इथं तर काहीच नाही!"

सकाळी साडेसहाला आम्ही चालायला लागलो. पहिला अर्धा तास सगळ्यांचा उत्साह काय विचारता! मग ऊन चढलं. पायांखाली वाळलेला पाचोळा, दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं गवत, उघडीबोडकी झाडं. एका मुलीनं तोंड वाकडं करून म्हटलंच, "हे कसलं जंगल? इथं तर काहीच नाही!"

खरं सांगू? मलाही क्षणभर तसंच वाटलं. आपल्याला जंगल म्हटलं की हिरवंगार डोळ्यांसमोर येतं. पण सह्याद्रीच्या पायथ्याचं रान हे पानगळीचं रान. पावसाळा संपला की पुढचा पाऊस थेट जूनमध्ये. मधले सात-आठ महिने झाडांना जमिनीतल्या ओलीवर काढावे लागतात. पानांमधून पाण्याची वाफ सारखी बाहेर जात असते. मग शहाणी झाडं काय करतात? पानंच गाळून टाकतात! घरात पाण्याची टंचाई झाली की आई जशी गळका नळ आधी बंद करते ना, तसंच.

पण मग अशा टंचाईत फुलं कशाला? तेही एवढी मोठी, रसानं भरलेली? याचं उत्तर आम्हांला मिळालं ते एका फाटक्या बुटामुळे.

बूट फाटला आणि रान दिसलं

घाटाच्या सुरुवातीलाच आमच्यातल्या एकाच्या बुटाचा तळ निघाला. सुतळी शोधा, बूट बांधा, यात चांगला अर्धा तास जाणार होता. जवळ एक मोठी काटेसावर होती. तिच्या समोरच्या कातळावर सगळे बसले. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मुलं वर बघायला लागली.

काटेसावर तुम्ही ओळखाल. सरळ उंच खोड, छत्रीच्या काड्यांसारख्या आडव्या फांद्या आणि कोवळ्या झाडाच्या अंगभर जाडजूड काटे. झाड म्हातारं झालं की बुंध्यावरचे काटे कमी होत जातात. फूल तळहाताएवढं, पाच जाड मांसल पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा झुबका. त्या दिवशी तिच्यावर एकही पान नव्हतं, आणि फुलं मात्र शेकडो.

पहिला आला बुलबुल. मग साळुंक्यांची जोडी. मग काळाकुट्ट, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल. तो आला तसा सगळ्यांना हुसकावायला लागला! एवढासा जांभळा सूर्यपक्षी, त्याला शिंजीर असंही म्हणतात, या फुलावरून त्या फुलावर नुसता भिरभिरत होता. मग एकदम कलकलाट झाला आणि तीसचाळीस पक्ष्यांचा थवा झाडावर उतरला. अंग फिकट गुलाबी, डोकं आणि पंख काळे. या पळसमैना. यांनाच भोरड्या असंही म्हणतात. आपल्याकडे त्या हिवाळी पाहुण्या. एप्रिलच्या सुमाराला त्या परत निघतात, थेट मध्य आशियाकडे! तिथं त्यांची घरटी होतात. म्हणजे एवढ्या लांबच्या प्रवासाआधी आमच्या समोरच्या सावरीवर त्यांची न्याहारी चालली होती.

एका मुलानं वही काढून यादी करायला घेतली. बूट बांधून होईपर्यंत नऊ प्रकारचे पक्षी आणि एक खार! "इथं तर काहीच नाही" म्हणणारी मुलगी आता सगळ्यांना गप्प बसवत होती.

आता पुन्हा वर बघा. एखादा पक्षी फुलात चोच घालून मागे आला, की त्याच्या कपाळाला काय लागलेलं दिसतं? पिवळी पूड. हे परागकण. पक्षी दुसऱ्या फुलावर गेला, की ही पूड तिथं पोचते आणि बी धरतं. म्हणजे हा फुकटचा सरबतवाटप नाही, मजुरी आहे मजुरी! रस घ्या आणि पराग पोचवा. आणि पानं नसल्यामुळे ही लाल-केशरी दुकानं लांबूनच दिसतात. मधमाशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण पक्ष्यांना तो झकास दिसतो. पळसाच्या फुलाला नाक लावून बघा, वास जवळजवळ नाहीच. पक्षी फुलं वासानं शोधत नाहीत, नजरेनं शोधतात. मग अत्तर कशाला हवं?

आणि खाली पडलेली फुलं? तीही वाया जात नाहीत. सावरीची गळालेली मांसल फुलं भेकरासारखे प्राणी पहाटे येऊन खातात. रानात दुसरं हिरवं काही नसतं, तेव्हा ही फुलंच त्यांचा घास असतात.

चिमणीनं बदललेला मुलगा

या फुलांवर येणारी एक चिमणी आहे. घरातल्या चिमणीसारखीच, पण नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका. तिचं नाव रानचिमणी. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं अशी एक चिमणी पाडली. तिचा पिवळा गळा बघून तो गोंधळला. ही कोणती चिमणी? मामांना विचारलं. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला चिमणीचं नाव तर सांगितलंच, शिवाय कपाटं उघडून संग्रहातले कितीतरी पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली!

पुढं आयुष्यभर त्यांनी पक्ष्यांचाच अभ्यास केला. १९३२ साली त्यांनी फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांवर अवलंबून असलेली फुलं, याच विषयावर मोठा लेख लिहिला. म्हणजे आम्ही बूट बांधता बांधता जे बघत होतो, ते त्यांनी वही घेऊन शिस्तीत बघितलं होतं. दोस्तांनो, तुमच्याकडे वही आहे ना?

वाटेवरचे बहाद्दर

सावरीपाशी आम्ही शहाणे झालो. मग दर थोड्या अंतरावर थांबायचं, असं ठरलं. आणि काय काय सापडलं म्हणून सांगू!

पांगारा: खोडावर काटे, लालभडक फुलांचे तुरे, आणि पानं याचीही तिनाच्या जुडीत. पळस समजून फसू नका. पळसाला काटे नसतात, आणि त्याचं फूल तपकिरी मखमली टोपीतून बाहेर आलेल्या पोपटाच्या चोचीसारखं दिसतं.

धायटी: हे झुडूप. फांदीभर बारक्या लाल नळ्या. वाडीतली मुलं ही फुलं तोडून त्यांतला मध चोखतात. आयुर्वेदातली आसवं आंबवायला हीच फुलं वापरतात.

कोशिंब: याची गंमतच वेगळी. लांबून वाटतं, लाल फुलं आली. जवळ जाऊन बघावं तर ती कोवळी पानं! चैत्राच्या सुमाराला झाड लालतांबडं होतं आणि मग हळूहळू हिरवं. पानांतला हा लाल रंग कोवळ्या पालवीला कडक उन्हापासून सांभाळतो.

करवंद: काट्यांच्या जाळीवर चांदण्यांसारखी पांढरी फुलं आणि मंद सुवास. ही फुलं नीट लक्षात ठेवा. गोष्टीत ती पुन्हा येणार आहेत.

आमरी: एका उघड्या फांदीवर पांढऱ्या फुलांचा घोस लटकत होता. हे ऑर्किड. पुष्कळांना वाटतं, ते झाडाचं रक्त पितं. साफ चूक! ते फांदीवर फक्त बसतं. पाणी घेतं पावसाचं आणि हवेतलं. झाडाचा रस चोरणारं वेगळं, ते बांडगूळ. त्याची चिकट बी एक अंगठ्याएवढा पक्षी पसरवतो, फुलटोच्या. फळ खाल्लं की बी फांदीवर चिकटवून हे महाराज पुढं!

एका फांदीवर फुटबॉलएवढा तपकिरी गोळा होता. एकजण ओरडला, "शेकरूचं घरटं!" नव्हतं ते. ते होतं मुंग्यांचं घर, झाडाच्या सालीचा वगैरे लगदा करून बांधलेलं. आणि कमाल अशी, की तांबूस सुतार नावाचा पक्षी अशाच मुंग्यांच्या घराला भोक पाडून आत आपली अंडी घालतो. भाडेकरू कसा असावा, तर असा!

लांब शेपटीवाल्याची भेट

पदरवाडीच्या पठारावर पोचेपर्यंत अकरा वाजले. वाडीतल्या एका आजोबांनी आम्हांला पाणी दिलं. ते म्हणाले, "वर चाललात? शेकरू बघायला? मग पोरांनो, बोलू नका. रान पळत्याला दिसत नाय, बसत्याला दिसतं."

पुढची चढण संपली आणि जणू कुणीतरी पडदा बदलला. ऊन गेलं, सावली आली. वर पाऊस जास्त, म्हणून इथलं रान सदाहरित. समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर आम्ही होतो. इथं जांभूळ, हिरडा, अंजनी अशी झाडं. अंजनीच्या काड्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गेंद चिकटलेले, शाईच्या शिंतोड्यांसारखे.

याच जंगलात राहतं शेकरू, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. मुख्यतः त्याच्यासाठीच १९८५ साली इथं सुमारे १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. शेकरू म्हणजे मोठी खार. शेपटी धरून तुमच्या हातापेक्षाही लांब. जमिनीवर ते सहसा उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर पाच-सहा मीटरची उडी सहज मारतं.

आम्ही आजोबांचं ऐकलं. गप्प बसलो. दहा मिनिटं झाली, काही नाही. वीस मिनिटं झाली, डास चावले, तरी काही नाही. आणि मग टप्पकन एक अर्धवट कुरतडलेलं फळ खाली पडलं. सगळ्यांच्या माना वर! फांदीवरून एक झुबकेदार शेपटी खाली लोंबत होती. मागच्या पायांनी फांदी पकडून, पुढच्या दोन पायांत फळ धरून स्वारी जेवत होती. तांबूस पाठ, फिकट पोट. पलीकडे उंच फांदीच्या टोकाला काड्यापानांचं मोठं घरटं. शेकरू अशी एकाहून जास्त घरटी बांधतं, म्हणजे एक धोक्यात आलं तर दुसरं तयार!

पण बघा, त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला फांद्या एकमेकींना भिडलेल्या हव्यात. मधली चार झाडं गेली, तर त्याचा रस्ताच तुटतो. आपला पूल तुटावा, तसा.

धूर

त्या रात्री आम्ही वर भीमाशंकरला मुक्काम केला. सकाळी त्याच वाटेनं उतरायला लागलो. सगळे खुशीत. पदरवाडीचं पठार दिसायला लागलं आणि कुणीतरी म्हणालं, "तिथं धूर कसला?"

गवत पेटलं होतं. वारा होता. पहिल्यांदा वाटलं, लहानशी आग आहे. दोन मिनिटांत ती एका जाळीवरून दुसऱ्या जाळीवर गेली. वाळलेलं गवत जळताना जो तडतड आवाज येतो ना, तो मी अजून विसरलेलो नाही. मुलांना आम्ही वाऱ्याच्या उलट्या दिशेला, उघड्या कातळावर उभं केलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. वाडीतली माणसं पळत आली. कालचे आजोबाही होते. हिरव्या डहाळ्या तोडून ते गवत झोडपत होते. आमच्यातले तिघे त्यांच्या हाताखाली लागले. अर्ध्या तासानं आग विझली. तोवर खो-खोच्या मैदानाएवढी जागा काळी झाली होती.

त्या काळ्या जागेच्या कडेला तीन दगडांची चूल होती. राख गरम होती. बाजूला वेफर्सची रिकामी पाकिटं. रात्री कुणीतरी तिथं मुक्काम केला होता, सकाळी चहा करून निघून गेले होते. चुलीवर तांब्याभर पाणी ओतायचं मात्र राहिलं होतं.

आजोबा रागावले नाहीत. जळलेल्या जाळ्यांकडे बघत एवढंच म्हणाले, "या करवंदी. वैशाखात पोरं करवंदं घेऊन रस्त्याला बसतात. वह्यापुस्तकांचे पैसे निघतात. यंदा नाय."

आदल्या दिवशी याच जाळ्यांवरच्या पांढऱ्या फुलांचा आम्ही वास घेतला होता. मुलं एकदम गप्प झाली.

परत निघताना काळ्या जागेपासून जेमतेम वीस पावलांवर पाचोळ्यातून एक पक्षी भर्रकन उडाला. आजोबांनी हात आडवा धरला. "थांबा. रातवा हाय." पाचोळ्यावर, नुसत्या जमिनीवर, दोन अंडी होती. रातवा घरटं बांधतच नाही. त्याचा आणि त्याच्या अंड्यांचा रंग पाचोळ्याशी असा मिसळून जातो, की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. शत्रूपासून वाचायची ही युक्ती उत्तम. पण आगीपुढं तिचा काय उपयोग?

आम्ही फोटो काढला नाही. पक्षी परत यावा म्हणून लगेच लांब झालो.

आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसांमुळेच लागतात. न विझवलेली चूल, फेकलेलं विडी-सिगरेटचं थोटूक, मध काढायला पेटवलेली चूड, नवं गवत चांगलं येतं म्हणून लावलेली आग. आणि हे घडतं नेमकं केव्हा? पळस, सावर, करवंद फुललेली असतात तेव्हा. या फुलांची फळं उन्हाळ्यात पिकतात. सावरीचं बोंड फुटून बी कापसाबरोबर उडतं, पळसाची चपटी शेंग वाऱ्यावर गिरक्या घेत दूर जाते, आणि जूनचा पाऊस पडला की रुजतात. फाल्गुनात एक जाळी जळली, की करवंदं गेली, अंडी गेली आणि जूनमधली रोपंही गेली.

तुम्ही जाल तेव्हा

१. मोठ्यांबरोबरच जा. सकाळी लवकर निघा, दोन लिटर पाणी जवळ ठेवा. अभयारण्यात वनखात्याचे नियम पाळा.

२. कपडे मातकट किंवा हिरवे. मोबाइलवरची गाणी घरी.

३. दर तासाला दहा मिनिटं एका जागी गप्प बसा. आलेला प्रत्येक पाहुणा वहीत लिहा. नाव नाही आलं तर रंग, चोच, शेपटी लिहा.

४. फूल हवं असेल तर खाली पडलेलं उचला. घरटं, अंडी, पिल्लं यांना हात नाही, आणि त्यांच्याजवळ गर्दीही नाही.

५. रानात काहीही पेटवू नका. आग दिसली तर ती विझवायला मुलांनी जायचं नाही. लांब व्हा आणि जवळच्या वाडीत किंवा वनकर्मचाऱ्यांना लगेच सांगा.

आईबाबांनो, पाचवा नियम तुमच्यासाठीसुद्धा आहे बरं का!

आणि रानात जायला नाही जमलं तर? सावर, पांगारा, पळस शहरांतल्या रस्त्यांकडेलाही असतात. शाळेजवळचं एक झाड निवडा. अर्धा तास बसा. यादी करा.

आता राहिला पहिला प्रश्न. पळसाला पानं किती? फुलं ओसरली, की पुन्हा पालवी येते. तेव्हा एक देठ हातात धरून नीट बघा. तिन्ही पानं एकाच देठाला आहेत ना? वनस्पतिशास्त्र सांगतं, ही तीन पानं नव्हेतच. हे एकच पान आहे, तीन पर्णिकांचं!

मग सांगा, आजीचं उत्तर बरोबर की चूक? जा, बघा, आणि मगच ठरवा.